मी जिंकलेली सभा

हिरेमठ बाईंनी फाइल उघडलीच नाही. होती तशी टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला.

“देशमाने मॅडम, तीन दिवस सांगलीला जाऊन आलात, चांगलं झालं. उपस्थितीचं प्रमाणपत्र क्लार्ककडे देऊन ठेवा. पण हे नववीच्या वर्गात घ्यायचं नाही.”

मी का म्हणून विचारलं.

“मुलं घरी जाऊन सांगतील. मग घरचे इथं येतील.”

“येऊ देत की बाई. त्यांनाही समजावून सांगू.”

“तुम्ही सांगाल हो,” चष्मा चढवत बाई म्हणाल्या. “तुमचं बोलणं चांगलं आहे. पण बोलून झालं की तुम्ही घरी जाल. मुलं इथंच राहतात.”

त्या काय म्हणत होत्या ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, प्रार्थनेला उशीर झाला तर शिक्षकांनाही फाटकाबाहेर उभं करणारी एक जुनी मुख्याध्यापिका नव्या गोष्टीला घाबरतेय, एवढंच मला दिसलं. मी फाइल उचलली आणि जरा जोरातच दार ओढून बाहेर आले.

याला अकरा वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी केरळात नाहीतर तमिळनाडूत असतात, आणि मुलं आजी-आजोबांजवळ राहून शिकतात. माणसांची नावं बदलली आहेत, माझं तेवढं खरं आहे. मी सुचित्रा देशमाने. तेव्हा आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होते.

प्रशिक्षण लिंगओळखीबद्दल होतं. जन्माला आल्यावर मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते, पण काही मुलांना आतून तसं वाटत नाही. अशा मुलांशी शाळेनं कसं वागावं, गणवेशाचं काय, स्वच्छतागृहाचं काय, हाक कशी मारावी, असं सगळं. पहिल्या दिवशी आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघून हसू दाबत होतो. तिसऱ्या दिवशी तिशीतला एक माणूस आला आणि त्यानं आपली शाळेतली दहा वर्षं तासाभरात सांगितली. मुलगी म्हणून काढलेली दहा वर्षं. मी मागच्या खुर्चीवर बसून रडले. येताना एसटीत ठरवून टाकलं की हे आपल्या शाळेत झालंच पाहिजे. प्रत्येक शाळेनं नववीसाठी एक तास घ्यावा आणि पालकांशी बोलावं, अशी सूचना होतीच. ती सूचनाच आहे, सक्ती नाही, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं.

बाई नाही म्हणाल्या तरी मी गप्प बसले नाही. स्टाफरूममध्ये बोलले, नववीच्या वर्गात “पुढच्या आठवड्यात एक नवीन विषय घेणार आहे” असं सांगून ठेवलं. बुधवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला एक मूल थांबलं. ते नेहमीच थांबायचं.

शर्वरी मुळीक हे त्याचं हजेरीपटावरचं नाव. मी इथं शर्व म्हणणार आहे, कारण वहीच्या वेष्टणावर शेवटचं अक्षर पांढऱ्या शाईनं झाकून त्यानं तेवढंच ठेवलं होतं. उंच, सडपातळ, केस मानेपर्यंत कापलेले. नववीच्या मुलींना पंजाबी ड्रेस आणि ओढणी होती, पण शर्व रोज पीटीची निळी पँट आणि टी-शर्ट घालून यायचा. त्वचेच्या त्रासाचं डॉक्टरांचं पत्र ऑफिसात दिलेलं आहे, असं मी ऐकून होते. त्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. वडील कोईमतूरला, आई लहानपणीच गेलेली, घरी फक्त आजोबा, त्याचे आबा.

“मॅडम, सांगलीला काय शिकवलं?” त्यानं नळाकडे तोंड ठेवूनच विचारलं.

मी वीस मिनिटं बोलले असेन. सांगायला मला फार आवडत होतं. तेवढा वेळ तो एकच परीक्षानळी धूत होता.

“मॅडम, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही.”

“नाही सांगणार.”

“घरी कुणी नसलं की मी आरशासमोर उभा राहतो आणि मोठ्यानं बोलतो. काहीपण. मी जेवलो. मी आलो. मी थकलो.” तो थांबला. नळ बंद केला. “दुसऱ्या कुणासमोर असं आजच बोललो.”

मराठीत हे लपत नाही. मी आलो की मी आले, एवढ्यात माणूस कळतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, यात तुझं काही चुकलेलं नाही, असं म्हणाले. ते म्हणायला आम्हाला शिकवलं होतं, पण मी मनापासून म्हणाले. मग तो बराच वेळ बोलत राहिला. आठवीत मुलींच्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून तो दिवसभर पाणीच प्यायचा नाही, आणि एकदा त्यामुळे तापही आला होता, हे त्यानं त्या दिवशी सांगितलं. आता काय करतोस, हे मी विचारलं नाही.

दारात जाऊन तो परत वळला. “आबांना तर अजिबात कळायला नको.”

मी मान हलवली.

त्या संध्याकाळी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला आनंद झाला. प्रशिक्षणात जे ऐकून आले ते माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्यावर विश्वास ठेवून उभं होतं. चहा करताना मी मनातल्या मनात बाईंशी भांडत होते, आणि त्या भांडणात माझ्या हाती आता हुकमाचं पान आलं होतं.

गुरुवारी कुणीतरी माझ्या फाइलमधल्या एका पानाचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. शुक्रवारी सकाळी पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष दबडे आठ-दहा जणांना घेऊन बाईंच्या केबिनमध्ये आले. त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं, तिन्ही मुलं आमच्याच शाळेत होती, आणि माणूस वाईट नव्हता. शनिवारी अकरा वाजता सभा घ्यायचं ठरलं.

सभेच्या आधी बाईंनी मला बाजूला घेतलं. विषय पुढच्या वर्षावर ढकलायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. “प्रशिक्षणात काय झालं तेवढं पाच मिनिटं सांगा आणि बसा. प्रश्नांची उत्तरं मी देते.”

हॉल भरला होता. पुढच्या रांगांत खुर्च्या, मागं सतरंज्या. मी पाच मिनिटं बोलले आणि बसले. मग दबडे उठले.

ते आरडाओरडा करतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. आमची पोरं अजून अपूर्णांकात अडकतात, असं म्हणून त्यांनी थोडा हशा मिळवला, आणि मग सरळ मुद्द्यावर आले. हे वय कच्चं असतं, ऐकलेलं प्रत्येक दुखणं आपल्याला झालंय असं वाटायचं हे वय. शहरात काय असेल ते असो, इथं अशा विषयाचा तास घेतला तर नसलेली गोष्ट पोरांच्या डोक्यात घातल्यासारखं होईल. आणि घरात बोलायच्या गोष्टी शाळेनं आमच्या आधी का बोलाव्यात, असंही त्यांनी विचारलं. बायका माना डोलवत होत्या. आज वाटतं, त्यातल्या एकदोन प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तरही नव्हतं.

“आपल्या गावात असलं काय न्हाई मॅडम,” ते शेवटी म्हणाले. “असतं तर आमास्नी दिसलं नसतं का?”

बाई उत्तर द्यायला उठत होत्या. त्यांच्या आधी मी उठले.

“आहे,” मी म्हणाले. “आपल्या गावात आहे. आपल्या शाळेत आहे.”

हॉल शांत झाला. तेवढी शांतता मी वर्गातही कधी मिळवली नव्हती.

“देशमाने मॅडम, बसा,” बाई म्हणाल्या.

मी बसले नाही. बाईंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर कदाचित बसले असते.

“नाव मी सांगणार नाही,” मी म्हणाले. आपण किती जबाबदारीनं बोलतोय, असंही मला तेव्हा वाटलं. “पण नववीतलं एक मूल या शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. स्वच्छतागृहात जायची भीती वाटते म्हणून. रोज खोटं आजारपण सांगून पीटीच्या कपड्यांत यावं लागतं त्याला. घरात एकटं असतं तेव्हा आरशासमोर उभं राहून ते स्वतःशी बोलतं, कारण या गावात खरं बोलायला त्याला दुसरं कुणी नाही. दबडे साहेब, तुम्हाला दिसलं नाही, कारण त्यानं दिसू दिलं नाही. असं एक मूल असेल तरी हा तास व्हायला हवा की नको?”

मग मागच्या बाजूला कुजबुज सुरू झाली आणि काही माना वळल्या. तिसऱ्या रांगेत कडेला बसलेले एक आजोबा टोपी नीट करत उठले, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि गेले. फोन आला असेल, असं मला वाटलं.

एका आईनं डोळ्याला पदर लावला होता. दबडे खाली बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “असं असेल तर माझा विरोध न्हाई. एक तास घ्या. पर आमास्नी बसू द्या मागं.” हात वर करून मत घेतलं. सात-आठ सोडले तर सगळे हात वर गेले.

सभा संपल्यावर दबड्यांनी मला हात जोडले. दोन बायकांनी येऊन माझे हात हातात घेतले. तालुक्याचा एक वार्ताहर आला होता, त्यानं माझा फोटो काढला. बाई कुठं दिसत नव्हत्या. मी घरी जाऊन दोन घास जास्त जेवले.

सोमवारी शर्व शाळेत आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी नववीचा तास घेतला. तक्ते लावले, मागं चार पालक बसले होते, मुलांनी शहाण्यासारखे प्रश्न विचारले. खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती. ताप असेल, असं मी स्वतःला सांगत होते. म्हणजे काय झालं असेल ते मला कुठंतरी कळलं होतं. तरीही मी तास पुरा केला.

तास संपल्यावर शिपाई बोलवायला आला. बाईंच्या टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता. खाली मोडीसारख्या वळणाची सही, कृष्णा बापू मुळीक.

“तिसऱ्या रांगेत बसले होते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही ओळखत नव्हता त्यांना.”

मी नाव घेतलं नव्हतं, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“नववीत रोज पीटीच्या कपड्यांत किती मुली येतात, मॅडम?”

बाईंनी ड्रॉवर उघडला आणि एक किल्ली काढून अर्जावर ठेवली.

“ग्रंथालयाच्या मागं एक छोटं बाथरूम आहे. माझं होतं ते. नववी सुरू झाली तेव्हापासून याची एक किल्ली तिच्याकडे होती. तिला ग्रंथालय प्रमुख केलं होतं ना मी, म्हणजे त्या बाजूला जाताना कुणी अडवणार नाही. आता ती पाणी पीत होती, मॅडम. काल आबांबरोबर निरोप देऊन किल्ली परत पाठवली तिनं.”

आणि डॉक्टरांचं पत्र, मी विचारलं.

“डॉक्टर माझे भाचे लागतात.”

तुम्हाला कधीपासून माहीत होतं, असं मी विचारलं.

“तुम्ही विज्ञानाच्या. तुमच्या पेपरात ‘मी’ हा शब्द येत नाही. माझ्या विषयात प्रत्येक वाक्यात येतो.” बाई मराठी शिकवायच्या. “सहावीपासून बघते, ही मुलगी ‘मी गेले’ असं लिहीत नाही. आणि ‘मी गेलो’ लिहिलं तर मला ते लाल शाईनं खोडावं लागेल, हे तिला माहीत. मग मला जावं लागलं, माझं जाणं झालं, माझ्याकडून राहून गेलं, अशी वाक्यं शोधून काढायची. पानंच्या पानं. एवढं मराठी माझ्या वर्गात दुसऱ्या कुणाला येत नाही. मला कळलं तसं मी निबंधाला दर वेळी आत्मवृत्त द्यायला लागले. वडाच्या झाडाचं द्या, दगडाचं द्या, जुन्या रेडिओचं द्या. तिथं ‘मी उभा होतो’ लिहिलं तर कुणी खोडत नाही.”

बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालला होता.

“मला तुमचं ते प्रशिक्षण पटलेलं नाही,” मग त्या म्हणाल्या. “आजही नाही. या गोष्टी फळ्यावर लिहायच्या नसतात असं मला वाटतं, माझं चुकत असेल. पण ती दहावी होऊन इथून बाहेर पडेपर्यंत तिला कुणी हात लावू नये, एवढं मी बघत होते. आणखी सव्वा वर्ष हवं होतं मला.”

मी रडायला लागले, तर त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि अर्जावर सही करायला घेतली.

त्याच संध्याकाळी मी मुळीकांच्या घरी गेले. आबांनी दार उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा बदलला नाही. “या मॅडम,” म्हणून त्यांनी खुर्ची पुढं केली आणि स्वतः जोत्यावर बसले. मी काय बोलले ते धड आठवत नाही. माझा हेतू वाईट नव्हता, असं मी दोनदा तरी म्हणाले.

“तुमी वाईट चिंतलं असंल असं मी म्हनत न्हाई,” आबा म्हणाले. “पर लोकांनी भरल्या सभेत वळून माझ्याकडं बघितलं. तवा मला कळलं. माझ्या घरातली गोष्ट मला सभेत कळली.”

मी मान खाली घातली.

“तिनं मला सवता सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, मला ठावं न्हाई. कदाचित हात उचलला असता. कदाचित न्हाई. पर ते तिला सांगू द्यायचं व्हतं.” मग त्यांनी आत बघून हाक मारली, “चहा आन गं.”

शर्व चहा घेऊन आला. अंगावर पिवळा पंजाबी ड्रेस होता, खांद्यावर ओढणी पिनांनी लावलेली. कप माझ्या हातात देताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी हळू आवाजात माफ कर म्हणाले. आबांना ऐकू गेलं असेल, मला पर्वा नव्हती.

“रविवारी कोईमतूरला जायचंय,” तो म्हणाला. “पप्पा आलेत न्यायला.” आणि मग ट्रे छातीशी धरून, अगदी नीट, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “मी जाते मॅडम. आत भांडी घासायची राहिली आहेत.”

एवढं होऊनही गोष्ट माझ्यासाठी वाईट झाली नाही, आणि ते सांगायला मला जास्त जड जातं. वार्ताहरानं बातमी छापली. पालकांचं मन वळवणारी शिक्षिका म्हणून माझं नाव झालं. पुढच्या वर्षी मला तालुक्याची प्रशिक्षक नेमलं, मग जिल्ह्याची, मग अध्यापक महाविद्यालयांतून, विद्यापीठातून बोलावणी यायला लागली. मी नाही म्हणाले नाही. प्रायश्चित्त म्हणून हे काम करतेय, अशी स्वतःची समजूत घातली. प्रत्येक सत्रात दुपारच्या जेवणानंतर, लोक पेंगायला लागले की मी शर्वची गोष्ट सांगायची. एका शाळेत एक मूल होतं, अशी. पाण्याचं सांगायची, आरशाचं सांगायची, सभेचं सांगायची, आणि गावानं त्याला शाळा सोडायला लावली असं म्हणून थांबायची. लोकांची झोप उडायची. एकदा इस्लामपूरला वस्तीशाळेवरच्या एका तरुण शिक्षकानं हात वर करून विचारलं होतं, “पण मॅडम, सभेत ते सांगितलं कुणी?”

“पालकांपैकी कुणीतरी,” मी म्हणाले.

त्यानंतर कुणी विचारायच्या आधीच मी ते वाक्य गोष्टीत घालून टाकलं. सात-आठ वर्षं ते तसंच चाललं.

गेल्या दिवाळीनंतर मी जतला हिरेमठ बाईंकडे गेले. निवृत्तीनंतर त्या तिथं धाकट्या भावाजवळ राहतात. गुडघे गेलेत, बाकी तशाच आहेत. शाळेत त्या मला कायम तुम्ही म्हणायच्या, आता तू म्हणाल्या. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, माझं जेवण होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या. मग ताट उचलताना म्हणाल्या, “तू त्याची गोष्ट सांगतेस म्हणे सगळीकडे.”

कुठून कळलं, असं मी विचारलं.

“माझी एक विद्यार्थिनी होती तुझ्या सत्राला. तिनं मला सांगितलं. कुणी पालक बोलला म्हणालीस म्हणे.”

मी त्यांच्यापुढं खोटं बोलू शकले नाही. शर्वचा पत्ता असेल तर द्या, मला एकदा भेटून माफी मागायची आहे, असं म्हणाले. बाईंना पत्ता ठाऊक असणार, याची मला का कोण जाणे खात्री होती.

“दर दिवाळीला फोन असतो त्याचा,” बाई म्हणाल्या. “बरा आहे. पोटापाण्याला लागलाय. आबा गेले तेव्हा येऊन गेला, अंत्यविधी त्यानंच केला. कुठं असतो ते मी सांगणार नाही. तो हो म्हणाला तर सांगेन.”

त्या फोन घेऊन आत गेल्या. मी सोप्यात बसून राहिले. आतून बाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा त्या हसल्या. माझ्याबद्दल नसावं. त्या हसण्यानं मला फार एकटं वाटलं.

बाहेर येऊन त्या पलंगावर बसल्या, गुडघा हातानं दाबत. “पत्ता नको म्हणतो.”

मी बरं म्हणाले.

“एक निरोप दिलाय. म्हणाला, मॅडमना म्हणावं, माझी गोष्ट सांगू नका. तुमची सांगा.”

रागावलाय का, असं मी विचारलं. बाईंनी थोडा विचार केला. “नाही. घाईत होता. कामावर होता तो.”

पुढच्या बुधवारी मिरजेला अध्यापक महाविद्यालयात माझं सत्र होतं. समोर चाळीस मुलं-मुली, उद्याचे शिक्षक. जेवणानंतर मी उभी राहिले, “एका शाळेत” म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य ‘मी’पासून सुरू करायचं होतं. ते आलं नाही. मी पुस्तिकेतलं छापील उदाहरण वाचून दाखवलं आणि वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी सत्र आटोपलं. त्यानंतर आणखी सहा सत्रं झाली. शर्वची गोष्ट मी एकदाही सांगितली नाही. माझीही सांगितली नाही. प्रत्येक वेळी पुस्तिका उघडली.

तोंडानं निघेना, म्हणून आधी लिहून काढलं आहे. सोमवारी कडेगावला सत्र आहे.